‘आम्हाला कुठं लिहिता येतंय?’



दिवाळीनंतर आपण ठरवलं होतं, गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रत्येक घराने आपल्या मालाबद्दल स्वतः चार ओळी लिहायच्या. काय मिळालं, कधी मिळालं, कसं साफ केलं, कसं वाळवलं, एवढंच. दर रविवारी एक घर. चौदा घरांनी नावं दिली. आजवर पाच जणांनी लिहिलं आणि त्यातल्या चौघांचं लिखाण असं: ‘फ्रेश फिश अव्हेलेबल. बेस्ट क्वालिटी. बेस्ट रेट.’ पुढे तीन गुलाबाची फुलं.

बाकीच्यांना विचारायला गेलो तर एकच उत्तर. ‘आम्हाला कुठं लिहिता येतंय? तुम्हीच लिहा काय ते.’ हे सांगणारे कोण, तर अंधारात पाण्याची ओढ बघून जाळं कधी उचलायचं ते ठरवणारे तांडेल. बाजारात दहा माणसांशी एकाच वेळी बोलून कुणालाही रिकामं न पाठवणाऱ्या आपल्या बाया. एका वहिनींनी तर आवाज रेकॉर्ड केला, ऐकला, पुसला. पुन्हा केला, पुन्हा पुसला. म्हणाल्या, ‘माझं मलाच ऐकवंना. किती गावठी वाटतं ते.’

आम्ही कुणाला बोल लावत नाही. सोसायटीचं हे पान सांभाळणारे आम्ही तिघे, आमचीही तीच गत आहे. हा लेख पंधरा दिवस अर्धा पडून होता. पहिल्या खेपेला त्याची सुरुवात होती, ‘मत्स्यव्यवसायाच्या सर्वांगीण विकासाच्या दृष्टिकोनातून’. आमच्यातल्याच एकाने ते मोठ्याने वाचलं आणि बाकीचे दोघे हसत सुटले. मग खोडलं.

पण विषय हसण्यावारी न्यायचा नाही, कारण यात पैसा अडकलाय. आपले सुके बोंबील व्यापारी वजनावर उचलतो. तो पाकिटात भरतो, पाकिटावर नऊवारीतल्या बाईचं आणि होडीचं चित्र छापतो आणि लिहितो, ‘कोळणीच्या हातचे’. म्हणजे हात आपले, वाळवण आपलं, गोष्टही आपली, फक्त सांगणारा तो. गिऱ्हाईक जादा पैसे देतं ते त्या गोष्टीपायी. जून-जुलैच्या बंदीत होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा किती घरं या सुक्या मासळीवर निघतात ते कुणी कुणाला सांगायला नको. ती गोष्ट आपणच सांगायला लागलो तर पाकीटही आपलं होईल. आणि ती सांगण्याआड काय येतंय? व्यापारी नाही, सरकार नाही. आपल्याच डोक्यात बसलेला एक मास्तर येतोय. लाल पेन घेऊन बसलाय, आपण तोंड उघडलं की चूक काढतो.

हा मास्तर उठवायचा कसा, हे शोधताना आम्हाला एक गोष्ट सापडली ती थेट हैदराबादच्या वाटेवर. समुद्र नसलेल्या मुलखात. तिकडे जाण्याआधी हैदराबादचीच दुसरी एक गोष्ट सांगतो, ती आपल्या रोजच्या वापरातली आहे.

मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे त्याचा जो संदेश आपल्या फोनवर येतो, तो हैदराबादहून येतो. तिथे १९९९ साली इन्कॉइस सुरू झालं, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, दख्खनच्या पठारावर बसून ही माणसं समुद्र बघतात. उपग्रहावरून पाण्याच्या वरच्या थराचं तापमान कळतं, पाण्याचा रंग कळतो. रंगावरून हिरवं सूक्ष्म शेवाळ किती आहे याचा अंदाज येतो. जिथे खाणं तिथे मासा, हा हिशोब आपल्यालाही नवा नाही. मग अमुक बंदरापासून अमुक दिशेला, इतक्या अंतरावर, इतक्या खोलीवर, अशी माहिती मराठीसकट किनाऱ्यावरच्या भाषांतून निघते. डिझेलच्या आजच्या भावात उगाच फेऱ्या मारण्यापेक्षा ती बघितलेली बरी.

आता हा संदेश नीट बघा. दिशा, अंतर, खोली. बस. त्यात एक शब्द जास्त नाही आणि त्याच्या कामाला तेवढंच लागतं. पण त्या जागेवर पोचल्यावर काय झालं, जाळं जड लागलं की हलकं, मासा कसा होता, पहिली टोपली कुणी उचलली, हे हैदराबादच्या कुठल्याही यंत्रात उमटत नाही. ते आपल्याकडेच असतं आणि आपण ते कुणाला सांगत नाही. गिऱ्हाइकाला आपण काय पाठवतो? ‘पापलेट आले. इतका भाव.’ तोही एक दिशा-अंतर-खोलीचाच संदेश झाला. यंत्र पाठवतं तसा.

आता त्या वाटेवरची गोष्ट. मुंबईहून सोलापूर, उमरगा करत हैदराबादला जाणाऱ्या हमरस्त्यावर, हैदराबाद साधारण शंभर किलोमीटर राहिलं की जहीराबाद लागतं. त्याच्या शेजारी पस्तापूर गाव. हा पूर्वीच्या निजामाच्या राज्याचा भाग, आजचा तेलंगणातला संगारेड्डी जिल्हा. पाऊस बेताचा, जमीन हलकी. इथे १९८३ पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी नावाची संस्था काम करते. गावोगावी बायांचे गट आहेत, त्यांना तिकडे ‘संघम’ म्हणतात. बहुतेक बाया दलित, एक-दोन एकरवाल्या किंवा दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या. ज्वारी, नाचणी, राळे अशी जुनी धान्यं त्यांनी पुन्हा पेरायला घेतली, बियाणं घरात साठवलं, एकमेकींना वाटलं.

या बायांपुढे तोच प्रश्न आला जो आपल्यापुढे आहे. त्यांच्याबद्दल सगळे बोलत होते. अधिकारी, पेपरवाले, शहरातले अभ्यासक. फक्त त्या स्वतः बोलत नव्हत्या. ‘आम्हाला कुठं येतंय’ हे तेलुगूतही तसंच म्हणतात, फरक नाही. त्यात भाषेचीही लाज. त्या जी तेलंगणी तेलुगू बोलतात तिची कित्येक वर्षं सिनेमात टिंगल व्हायची. नायक शुद्ध बोलणार आणि गुंड किंवा विदूषक तेलंगणी बोलणार. वाचताना आपल्या लोकांना काही आठवतंय का? आपली कोळी बोलीही नाटकात आली की हशा पिकवायलाच येते.

१९९०च्या दशकाच्या शेवटी यातल्या काही जणी व्हिडिओ कॅमेरा चालवायला शिकल्या. बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच सुमारास युनेस्कोच्या मदतीने तिथे रेडिओचं छोटं केंद्रही उभं राहिलं. यंत्रं आली, बाया तयार झाल्या, पण प्रसारणाचा परवाना मिळेना. आपल्या देशात तेव्हा अशा संघटनांना रेडिओ चालवायची मुभाच नव्हती. आपण असतो तर कुलूप लावलं असतं. या बाया मात्र रेकॉर्डिंग करत राहिल्या. बियाणं कसं साठवायचं, जनावराच्या कुठल्या दुखण्यावर काय, लग्नातली गाणी, बाळंतिणीचा आहार. कॅसेट भरायची आणि संघमच्या बैठकीत नेऊन वाजवायची. अशी जवळपास दहा वर्षं गेली.

आम्हाला वाटतं, त्यांची खरी तालीम या दहा वर्षांत झाली. समोर लाखो लोक नव्हते. समोर ओळखीच्या पंधरा-वीस बाया होत्या आणि त्या तोंडावर सांगायच्या, कळलं की नाही कळलं.

२००६ साली सरकारने धोरण बदललं आणि १५ ऑक्टोबर २००८ रोजी ‘संघम रेडिओ’ हवेत गेला. उद्घाटनाला आले होते न्यायमूर्ती पी. बी. सावंत, आपले मराठी माणूस. ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असा जो निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला, तो त्यांनीच लिहिला होता. केंद्र चालवायला दोघी जणी आणि दोघींचं नाव नरसम्मा. म्हणून एकीला म्हणायचे जनरल नरसम्मा आणि दुसरीला तिच्या गावावरून अलगोल नरसम्मा. संध्याकाळी आसपासच्या गावांत ऐकू जाईल एवढाच त्याचा पल्ला. निवेदिका शुद्ध बोलणारी हवी असं कुणी म्हटलं नाही. ज्या बोलीची टिंगल व्हायची तीच बोली रेडिओवर लागली आणि लोक कान देऊन ऐकायला लागले, कारण बोलणारी बाई त्यांना माहीत होती. तिचं शेत माहीत होतं.

आता त्यातली जी गोष्ट आम्हाला सगळ्यात उपयोगाची वाटली ती सांगतो. कॅमेरा शिकताना या बायांना इंग्रजी नावं आठवेनात. लो अँगल, टॉप अँगल वगैरे. मग त्यांनी आपली नावं दिली. कॅमेरा खाली ठेवून वर बघायचं, तो ‘गुलाम शॉट’, कारण सालगडी मालकाकडे असा खालून बघतो. कॅमेरा उंच धरून खाली बघायचं, तो ‘पटेल शॉट’. पटेल म्हणजे तिकडचा गावचा मातब्बर, तो लोकांकडे वरून बघतो. आणि कॅमेरा समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरायचा, तो ‘संघम शॉट’, कारण संघमच्या बैठकीत सगळ्या जणी जमिनीवर गोल करून बसतात, कुणी वर नाही, कुणी खाली नाही.

हे वाचलं आणि आम्ही आपल्या ग्रुपवरचे जुने मेसेज काढून बघितले. सगळे एकतर गुलाम शॉट नाहीतर पटेल शॉट!

गुलाम शॉटचा नमुना: ‘चुकलं असेल तर माफ करा, आम्ही अडाणी माणसं, आमच्याकडे थोडे सुके बोंबील आहेत, कुणाला हवे असल्यास कृपया सांगावे ही नम्र विनंती.’ अहो, माफी कसली? माल चांगला आहे, कष्टाचा आहे. खालून बघितलं की गिऱ्हाइकाला वाटतं मालातच काहीतरी खोट असणार, मग ते भाव पाडून मागतं. वर आपलीच सवय मोडते ती वेगळी.

पटेल शॉट म्हणजे ‘नंबर वन क्वालिटी! एकदा घ्याल तर पुन्हा पुन्हा याल! त्वरा करा!’ हे लिहिताना आपल्याला वाटतं आपण मोठे दिसतोय. पण असं तर साडीवाला लिहितो, प्लॉटवाला लिहितो, कोचिंग क्लासवालाही लिहितो. त्यात आपण कुठे आहोत? गंमत अशी की दोन्हीच्या मागे एकच भीती बसलेली असते, की मी जसा आहे तसा दिसलो तर चालणार नाही. म्हणून एकजण वाकतो आणि दुसरा टाचा उंचावतो.

आता संघम शॉट. पाच घरांपैकी जे एक घर आम्ही वर मोजलं नाही, ते त्याच वहिनींचं, ज्या आवाज पुसत होत्या. आम्ही त्यांना म्हटलं, रेकॉर्ड करू नका. तुमच्या मुंबईच्या नेहमीच्या बाई फोन करतात ना, त्यांना काय सांगता तेवढं सांगा, आम्ही लिहून घेतो. त्यांनी सांगितलं आणि आम्ही एक शब्द न बदलता टाकलं:

‘हे बोंबील मंगळवारी पहाटेच्या डोलीचे. त्याच सकाळी साफ करून वलांडीवर टाकले, तोंडात तोंड अडकवून, जोडीनं. मीठ लावलेलं नाही. तिसऱ्या दिवशी ढग आले म्हणून एक दिवस जास्त ठेवले, त्यामुळे रंग थोडा काळपट आलाय, चवीला काय फरक नाय. सासूबाई म्हणतात अजून एक ऊन द्यायला पायजे होतं, पण मला तर खडखडीत वाटतात. डब्यात भरायच्या आधी तुम्ही एकदा उन्हात टाका.’

एवढंच. आता यात काय आहे बघा. दिवस आहे, जाळं आहे, हाताची रीत आहे. रंग काळपट आहे हे आधीच सांगितलंय, म्हणजे घरी पाकीट उघडल्यावर तक्रार नाही. आणि सासूबाई आहेत! त्या सासूबाई कुठल्या व्यापाऱ्याच्या पाकिटावर येणार नाहीत. दोन दिवसांत माल गेला आणि तीन गिऱ्हाइकांनी विचारलं, सासूबाईंना आता पटले का?

‘नाय’ लिहिलंय, ‘पायजे’ लिहिलंय. कुणी हसलं नाही.

हे कसं साधायचं, यावर आम्ही बसून बोललो. त्यातून जे निघालं ते असं. पहिलं म्हणजे लिहायला बसायचंच नाही. आधी बोलायचं. आपली माणसं बोलण्यात कधी अडत नाहीत, कागद समोर आला की अडतात. तेव्हा घरात कुणाला तरी सांगा आणि दुसऱ्याने ते उतरवून घ्यावं. फक्त उतरवून घेणाऱ्याने सुधारायचं नाही. कॉलेजात जाणारा मुलगा या कामाला सगळ्यात वाईट, हे आम्ही अनुभवाने सांगतो. तो ‘म्हावरं’ खोडून ‘मत्स्य’ करतो. त्याला सांगा, तू फक्त टाईप कर बाबा.

सगळ्या जगाला लिहायचं नाही, एका माणसाला लिहायचं. नरसम्मांच्या कॅसेटसमोर जशा ओळखीच्या बाया होत्या, तसं तुमचं एक जुनं गिऱ्हाईक डोळ्यांपुढे आणा. ज्याला पापलेट तळायचा कळतो पण करलीच्या काट्याची भीती वाटते असं कुणी. त्याला करलीबद्दल काय सांगाल? काटे कसे बसतात, आडवे चिरे कसे मारायचे. झाला लेख.

एका वेळी एकच गोष्ट. काल अष्टमी होती, भांगेचं पाणी, ओढ नव्हती, डोलीत बोंबील कमी आले, म्हणून आज भाव चढा आहे, एवढं सांगितलं तरी पुष्कळ. शहरातल्या माणसाला भाव का चढतो ते कुणी सांगतच नाही, त्याला वाटतं आपण लुटतोय. भरती-ओहोटीचा आणि भावाचा संबंध त्याला आपल्याशिवाय कोण सांगणार?

आणि लिहून झालं की रात्री पुन्हा वाचत बसू नका. रात्री तो मास्तर जागा असतो. सकाळी एकदा मोठ्याने वाचा, अडखळलात तिथे तोडा, पाठवून द्या.

इथे एका तांडेलाने हरकत घेतली आणि ती रास्त आहे. म्हणाले, ‘सगळं खरं सांगायचं म्हणता, उद्या जागा पण विचारतील.’ जागा सांगायची नाही. मनमोकळं लिहायचं म्हणजे घराचा दरवाजा काढून ठेवायचा असं नव्हे. कुठे जाळं टाकलं, खलाशाला किती दिले, घरात कुणाचं काय दुखतंय, कुणाचं कर्ज, हे आपल्याजवळ ठेवायचं. दुसऱ्याची गोष्ट त्याला विचारल्याशिवाय टाकायची नाही. सासूबाईंनाही आम्ही विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ‘खरं तेच बोलले ना, टाका.’

खोटं मात्र अजिबात नको. बर्फातला दुसऱ्या दिवसाचा मासा असेल तर तसं लिहा, भाव थोडा कमी लावा. गिऱ्हाईक कल्ले उघडून बघतंच. आणि फोटो टाकताना एवढं बघा की लहान पापलेट त्यात नको. १३५ मिलिमीटरच्या आतला चंदेरी पापलेट धरायचा नाही असा आपल्या राज्यात नियम आहे, २०२३ पासून तो राज्यमासाही आहे. नियम राहू द्या, पिल्लं विकून आपण पुढच्या वर्षी काय विकणार?

कुणी विचारेल, एवढं करून किती माल जास्त खपणार? खरं सांगायचं तर आम्हाला आकडा माहीत नाही आणि उगाच फुगवून सांगत नाही. पस्तापूरच्या बायांनीही पहिल्या दिवशी आकडा विचारला नसावा. त्यांनी पुढे वरंगळच्या कापूस शेतकऱ्यांवर फिल्म केली, ती परदेशातही दाखवली गेली. पण सुरुवात पंधरा-वीस बायांपुढच्या कॅसेटनेच झाली होती. आपल्या ग्रुपवर आज दोनशेच्या वर गिऱ्हाइकं आहेत. म्हणजे आपण त्यांच्या पुढेच आहोत की!

राहिलेल्या नऊ घरांसाठी आम्ही असं ठरवलंय. येत्या भांगेला, होड्या बंदरात असतील तेव्हा, आम्ही तिघे दुपारी तीननंतर सोसायटीच्या ओट्यावर बसणार. तुम्ही जाळं विणायला तिथेच घेऊन या. हात चालू ठेवा आणि बोला, आम्ही उतरवून घेऊ. ज्यांना लोकांसमोर बोलायचं नसेल त्यांच्या घरी येऊ, चहा मात्र लागेल. पहिला नंबर जवळ्याचा आहे, कारण जवळा खळ्यावर वाळवताना वाळू लागू नये म्हणून काय करतात हे दोन गिऱ्हाइकांनी विचारलंय आणि आमच्यातल्या एकालाही ते नीट सांगता आलं नाही.